धूर समुद्रात, हिशोब धक्क्यावर

घातक रासायनिक कचरा जाळायचा तर कुठे, या प्रश्नाला १९६९ साली पश्चिम जर्मनीत एक सोपं उत्तर सापडलं: समुद्रात. ‘माथियास’ नावाचं जहाज पोटात कचरा आणि पाठीवर भट्टी घेऊन उत्तर समुद्रात गेलं आणि काम उरकून रिकामं परत आलं. किनाऱ्यावर कुणाच्या नाकाला धूर लागला नाही, कुणी मोर्चा काढला नाही. मग अशी आणखी जहाजं आली. ऐंशीच्या दशकात एकट्या उत्तर समुद्रात वर्षाकाठी साधारण लाखभर टन कचरा असा जाळला जात होता.

त्यातलं सर्वांत गाजलेलं जहाज ‘व्हल्कॅनस’. एका जुन्या मालवाहू जहाजाची १९७२ मध्ये मोडतोड करून ते उभं केलेलं. मधल्या भागात द्रव कचऱ्याच्या टाक्या, मागच्या टोकाला दोन उभ्या भट्ट्या, आणि भट्ट्यांची तोंडं थेट आभाळाकडे. यातलं ‘थेट’ महत्त्वाचं आहे. जमिनीवर अशी भट्टी बांधली तर तिच्या मागे धूर धुणारी यंत्रणा, म्हणजे स्क्रबर, बसवावाच लागतो. क्लोरीन असलेलं काहीही जाळलं की हायड्रोजन क्लोराइड वायू निघतो, ओलाव्यात त्याचं आम्ल होतं. ते तसंच सोडलं तर आसपासची झाडं, पत्रे आणि फुप्फुसं यांची वाट लागते. जहाजावर स्क्रबर नव्हता. समुद्राचं पाणी अल्कधर्मी असतं, आम्ल त्यात पडलं की मारलं जातं, तेव्हा धुण्याची गरजच काय, असा युक्तिवाद होता.

रसायनशास्त्र म्हणून यात खोट काढता येत नाही. तेवढं आम्ल समुद्राला खरंच जड नव्हतं. पण स्क्रबर फक्त आम्ल धरत नाही. काजळी, धातूंचे कण, अर्धवट जळालेली संयुगं यांचाही बराच भाग त्यात अडकतो, आणि पुढे तो गाळ कुणीतरी पैसे मोजून निस्तरतो. समुद्रात हा सगळा खर्च वाचत होता. इथे जाळणं स्वस्त पडायचं ते भट्टी जास्त चांगली होती म्हणून नव्हे, खर्चातली एक मोठी बाब समुद्राच्या नावावर टाकता येत होती म्हणून. जहाजावर कचरा जाळण्याच्या नियमांवर गेली पन्नासेक वर्षं जी चर्चा चालू आहे ती बहुतेक वेळा तापमान, टक्केवारी आणि प्रमाणपत्रं यांत फिरत राहते. माझ्या मते खरा प्रश्न पैशाचा आहे: जाळण्याऐवजी कचरा नीट उतरवायचा तर किती पडेल आणि ते कोण देणार? याचं उत्तर धक्क्यावर मिळत नाही तोवर भट्टीसाठी कितीही कडक नियम केले तरी आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी अशीच गत राहणार.

आधी टक्केवारीचा मोह पाहू. समुद्रात कचरा टाकण्यावर नियंत्रण आणणारा लंडन करार १९७२ चा. १९७८ मध्ये त्यात जाळण्यासाठी वेगळे नियम घातले गेले. ज्योतीचं तापमान निदान १२५० अंश सेल्सियस हवं, आणि कचऱ्याचा ९९.९ टक्क्यांहून अधिक भाग नष्ट झाला पाहिजे. ऐकायला भारदस्त वाटतं. समजा एका फेरीत ३,००० टन कचरा जाळला. ९९.९ टक्के नष्ट झाला म्हणजे ३ टन उरला. आणखी एक नऊ लावला, ९९.९९ टक्के, तरी ३०० किलो. अमेरिकेने पीसीबीसारख्या (विजेच्या उपकरणांतल्या तेलात वापरलं जाणारं क्लोरीनयुक्त रसायन) चिवट रसायनांसाठी सहा नऊ मागितले, म्हणजे ९९.९९९९ टक्के; मग हिशोब ३ किलोवर येतो. हे तिन्ही आकडे वाचताना ‘जवळजवळ शंभर टक्के’ असेच वाटतात, पण पहिल्या आणि तिसऱ्यात हजारपटीचं अंतर आहे. पाण्याच्या पृष्ठभागावरच्या पातळ थरात माशांची अंडी आणि पिल्लं तरंगत असतात आणि वरून पडणारं पहिल्यांदा त्यांच्यावरच पडतं. त्यांच्या दृष्टीने टक्केवारीला काही अर्थ नाही, किलोला आहे.

शिवाय ही टक्केवारी मोजते काय? भट्टीत घातलेलं अमुक रसायन धुरात किती उरलं, एवढंच. ते मोडून दुसरंच काही तयार झालं असेल तर ते या मोजमापात येत नाही. पीसीबी अपुऱ्या उष्णतेत जळालं तर त्यातून फ्युरान गटातली संयुगं निघू शकतात, आणि ती मूळ पीसीबीपेक्षा कितीतरी विषारी असतात. म्हणजे परीक्षेत नऊच नऊ मिळवूनही भट्टी धुरातून काय सोडते ते अज्ञातच. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेच्या स्वतःच्या विज्ञान सल्लागार मंडळाने १९८५ साली नेमकं याच मुद्द्यावर बोट ठेवलं होतं: एकूण काय बाहेर पडतं ते पाहा, निवडक रसायनांची टक्केवारी पुरेशी नाही.

या जहाजांनी काय काय जाळलं ते पाहिलं की त्यांची ओढ कुणाला होती ते कळतं. १९७४-७५ मध्ये ‘व्हल्कॅनस’ने मेक्सिकोच्या आखातात टेक्सासमधल्या एका रसायन कारखान्याचा क्लोरीनयुक्त कचरा जाळला, अमेरिकेने समुद्रावर जाळायला दिलेला हा पहिला परवाना. १९७७ मध्ये त्याच जहाजाने प्रशांत महासागरात जॉन्स्टन प्रवाळबेटाच्या पश्चिमेला एजंट ऑरेंजचा उरलेला साठा जाळला. व्हिएतनामच्या जंगलांवर फवारून झाल्यावर अमेरिकी हवाई दलाकडे या तणनाशकाचा सुमारे २२ लाख गॅलन साठा पडून होता, डायऑक्सिन या अत्यंत विषारी रसायनाने दूषित झालेला. मिसिसिपीतल्या गल्फपोर्टहून आणि खुद्द जॉन्स्टन बेटावरून तो जहाजात भरला गेला. कुठल्याही राज्याला आपल्या हद्दीत नको असलेली गोष्ट भर समुद्रात नेऊन संपवली. तेव्हा दुसरा पर्याय काय होता, असं कुणी विचारलं तर प्रश्न रास्त आहे. पिंपं गंजत होती, गळत होती. असे अपवादात्मक प्रसंग असतात हे मी मान्य करतो. पण अपवादासाठी उभं केलेलं जहाज अपवाद संपल्यावर बंदरात गंजत उभं राहत नाही. त्याला रोज माल लागतो.

तो माल पीसीबीच्या रूपाने पुढे आला. १९८१-८२ मध्ये आखातात प्रायोगिक फेऱ्या झाल्या आणि मग नियमित परवान्याची मागणी झाली. नोव्हेंबर १९८३ मध्ये टेक्सासच्या दक्षिण टोकाला, ब्राउन्सव्हिलला, जनसुनावणी ठेवली गेली, तेव्हा सहा हजारांहून जास्त माणसं आली. भट्टी किनाऱ्यापासून दूर जळणार होती, मग यांना एवढं काय झालं होतं? कोळंबी पकडणाऱ्यांना आपल्या जाळ्यांची काळजी होती, किनाऱ्यावर पर्यटकांवर जगणाऱ्यांना आपल्या धंद्याची. आणि एक साधी गोष्ट त्यांना तज्ज्ञांच्या आधी कळली होती. धूर लांब जातो, पण कचरा लांबून येतो. तो ट्रकने, रेल्वेने, गावांमधून बंदरात येणार, तिथे टाक्यांमध्ये साठणार, नळ्यांनी जहाजात चढणार, आणि अरुंद खाडीतून बाहेर पडणार. जहाज वाटेत कुठे आदळलं तर न जळालेला सगळा माल एकदम पाण्यात. ‘माणसांपासून दूर’ हे वर्णन भट्टीला लागू पडतं, धंद्याला नाही. १९८४ मध्ये परवाने नाकारले गेले. १९८६ मध्ये अटलांटिक किनाऱ्यासमोरच्या प्रायोगिक फेरीलाही नकार मिळाला, आणि १९८८ मध्ये अमेरिकेने हा कार्यक्रमच गुंडाळला.

इथे विरुद्ध बाजूचं सर्वांत भक्कम म्हणणं नोंदवायला हवं, कारण ते अडाण्यांचं नव्हतं. अमेरिकी काँग्रेसच्या तंत्रज्ञान मूल्यांकन कार्यालयाने १९८६ साली या विषयाचा सविस्तर अभ्यास केला. क्लोरीन जास्त असलेल्या द्रव कचऱ्यासाठी समुद्रावर जाळणं हा अंतरिम पर्याय म्हणून आकर्षक ठरू शकतो, असं त्यात म्हटलं होतं. अंतरिम, म्हणजे कचराच कमी करण्याचे चांगले मार्ग तयार होईपर्यंत. अडचण अशी, की स्वस्त अंतरिम पर्याय हातात असताना चांगला मार्ग शोधायची घाई कुणाला असते? युरोपात घडलं ते याचं उत्तर म्हणून पुरेसं आहे. १९८७ मध्ये उत्तर समुद्राकाठच्या देशांनी ठरवलं, की १९९४ च्या अखेरीस हे जाळणं थांबवायचं. ते फेब्रुवारी १९९१ मध्येच थांबलं, ठरल्या मुदतीच्या जवळपास चार वर्षं आधी. दार बंद होणार हे नक्की झाल्यावर कारखान्यांना क्लोरीन परत मिळवण्याच्या, कचरा कमी करण्याच्या आणि जमिनीवरच्या भट्ट्यांच्या वाटा दिसू लागल्या. दार उघडं होतं तोवर त्यांना त्या दिसत नव्हत्या असं नाही. त्या वाटेने जायला पैसे पडत होते.

लंडन करारात १९९३ मध्ये दुरुस्ती होऊन औद्योगिक कचरा समुद्रावर जाळण्यावर बंदी आली, ती फेब्रुवारी १९९४ पासून लागू झाली. १९९६ चा लंडन प्रोटोकॉल आणखी मोकळ्या शब्दांत सांगतो: कचरा समुद्रावर जाळायचा नाही. तो २००६ मध्ये अमलात आला. लोक समजतात की विषय तिथे संपला.

संपला नाही, कारण त्याच प्रोटोकॉलच्या व्याख्येत एक फट आहे, आणि ती मुद्दाम ठेवलेली आहे. जहाजाच्या नेहमीच्या कामातून जो कचरा जहाजावरच तयार होतो तो तिथेच जाळणं या बंदीत येत नाही. त्याचे नियम दुसरीकडे, जहाजांमुळे होणारं प्रदूषण रोखणाऱ्या मार्पोल या आंतरराष्ट्रीय कराराच्या सहाव्या परिशिष्टात, सोळाव्या नियमात आहेत. ते २००५ पासून लागू आहेत. फट ठेवण्यामागचं कारण समजण्यासारखं आहे. महिनाभर समुद्रात असलेल्या जहाजावर तेलाचा गाळ, पुठ्ठे, चिंध्या, सांडपाण्याचा गाळ हे सगळं साठत जातं. साठवायला जागा थोडी, उष्णता भरपूर, आणि तेलकट चिंध्यांचा ढीग हा स्वतःच आगीचा धोका. मग भट्टी हवीच, असं दर्यावर्दी म्हणतात आणि त्यात तथ्य आहे.

नियम काय मना करतो? तेल, रसायनं किंवा घातक पॅकबंद मालाचे अवशेष आणि त्यांनी माखलेलं पॅकिंग, पीसीबी, ‘अंशमात्रा’पेक्षा जास्त जड धातू असलेला कचरा, हॅलोजन (क्लोरीनच्या गटातली मूलद्रव्यं) असलेली शुद्ध केलेली पेट्रोलियम उत्पादनं, दुसरीकडून आणलेला गाळ, इंजिनाचा धूर धुणाऱ्या स्क्रबरचा गाळ. पीव्हीसी हे क्लोरीन असलेलं प्लास्टिक मात्र मंजूर प्रकारच्या भट्टीत जाळायला मुभा आहे. सतत कचरा घेणाऱ्या भट्टीतून बाहेर पडणारा धूर ८५० अंशांच्या खाली असेल तर कचरा घालायचा नाही. एकेक खेप भरून जाळणारी भट्टी पाच मिनिटांत ६०० अंशांवर पोचली पाहिजे आणि मग ८५० वर स्थिरावली पाहिजे. भट्टी चालवणारा प्रशिक्षित हवा, तापमानावर सतत लक्ष हवं.

आता हे इंजिन रूममध्ये प्रत्यक्षात कसं चालतं ते पाहा. गाळतेलाच्या टाकीत तेल कमी आणि पाणी जास्त असतं. ते तसंच बर्नरला दिलं तर ज्योत विझते. म्हणून टाकी आधी तास न् तास तापवायची, पाणी खाली बसलं की काढून टाकायचं, उरलेलं ढवळून एकजीव करायचं. मग डिझेलवर भट्टी तापवायची. पॅनलवरचा आकडा ८५० च्या वर गेला की गाळतेल हळूहळू सोडायचं. पाण्याचा एखादा थर मध्येच आला की आकडा घसरतो, अलार्म वाजतो, पुन्हा डिझेल. हे करणाऱ्या इंजिनियरकडे त्याच पाळीत जनरेटर, पंप आणि गळणारा एखादा व्हॉल्व्हही असतो. डिझेल किती जातंय याकडे वरून डोळे लावून बसलेले असतात ते वेगळंच. अशा वेळी अलार्म शांत ठेवण्याच्या युक्त्या जन्माला येतात, त्यासाठी कुणाला वाईट माणूस असावं लागत नाही.

घन कचऱ्याचं त्याहून अवघड. भट्टीच्या दारावर काय घालू नये याची पाटी असते. पण पिशवी भरते ती भटारखान्यात, केबिनमध्ये, डेकवर रंग खरवडणाऱ्यांच्या हातून. बॅटरी दिसते, बाजूला काढता येते; फवाऱ्याचा डबाही दिसतो, आणि चुकून आत गेला तर स्फोट होऊन स्वतःची जाहिरात करतो. पण खरवडलेल्या जुन्या रंगाच्या पापुद्र्यात शिसं किती आहे, हे कुठल्या खलाशाने कशाने मोजायचं? जड धातू ‘अंशमात्रा’पेक्षा जास्त नकोत, असं लिहिणाऱ्याने जहाजावर प्रयोगशाळा दिलेली नाही. नियमाचं हे कलम वर्गीकरण करणाऱ्या माणसाच्या अंदाजावर उभं आहे.

जमिनीवरच्या नियमांशी तुलना केली की फरक उघडा पडतो. ८५० अंश हा आकडा युरोपीय संघाच्या कचरा जाळण्याच्या नियमांतही आहे. पण तिथे धूर निदान दोन सेकंद त्या तापमानात राहिला पाहिजे अशी अट आहे, आणि घातक कचऱ्यात क्लोरीनसारख्या हॅलोजनचं प्रमाण एक टक्क्याहून जास्त असेल तर किमान ११०० अंश. धुरातल्या डायऑक्सिनला घनमीटरमागे ०.१ नॅनोग्रॅमची मर्यादा. जहाजावरच्या भट्टीचं मानक कार्बन मोनॉक्साइड, काजळी आणि राखेतला न जळालेला भाग तपासतं. तेही मंजुरीच्या वेळी, कारखान्यात, नमुन्याच्या भट्टीवर आणि ठरवून दिलेल्या नमुन्याच्या कचऱ्यावर. डायऑक्सिन मोजायला सांगत नाही. तरीही पीव्हीसीला मुभा! एकच वस्तू किनाऱ्याच्या अलीकडे आणि पलीकडे वेगवेगळ्या धोक्याची कशी ठरते, याचं पटेल असं उत्तर मला आजवर कुठे मिळालेलं नाही. ‘समुद्र मोठा आहे’ एवढंच मिळतं, आणि ते ‘व्हल्कॅनस’च्या काळातलंच उत्तर आहे.

तेच उत्तर अलीकडे आणखी एका दाराने परत आलं, हे जाता जाता सांगायला हवं. २०२० पासून जहाजांच्या इंधनातल्या गंधकावर ०.५० टक्क्यांची मर्यादा आली. महाग इंधन घेण्याऐवजी अनेकांनी धूर समुद्राच्या पाण्याने धुणारे स्क्रबर बसवले आणि ते पाणी परत समुद्रात सोडायला सुरुवात केली. कारण? समुद्र अल्कधर्मी आहे. अनेक बंदरांनी आता हे पाणी सोडण्यावर बंदी घातली आहे. चाळीस वर्षांनी तोच धडा, फक्त यंत्र उलटं: तेव्हा स्क्रबर नव्हता म्हणून, आता आहे म्हणून.

नोंदींकडे वळू. तेलाचा गाळ जाळला की ऑइल रेकॉर्ड बुकात किती आणि किती तास ते लिहायचं. कचरा जाळला की दुसऱ्या वहीत सुरुवातीची आणि शेवटची वेळ, जहाजाचं स्थान, अंदाजे किती घनमीटर, आणि सही. बंदरात तपासणीला आलेला अधिकारी काय करतो? भट्टीच्या पाटीवरची क्षमता बघतो, वहीतले तास बघतो, गुणाकार करतो. तीन तासांत भट्टीच्या आवाक्याबाहेरचा गाळ जळाल्याचं लिहिलेलं असेल तर तो गाळ कुठे गेला हे विचारायला जागा मिळते. जाळल्याची नोंद ही फेकल्याची झाकपाक करायला सोयीची असते, कारण जळालेल्या गोष्टीचा पुरावा उरत नाही. हुशार माणूस अर्थातच गुणाकार करूनच नोंद लिहितो.

वही किती भरवशाची, याचं एक गाजलेलं उदाहरण आहे. प्रिन्सेस क्रूझ लाइन्स या कंपनीने २०१६ मध्ये अमेरिकेत गुन्हा कबूल केला आणि चार कोटी डॉलरचा दंड भरण्याचं मान्य केलं. तिच्या जहाजांवरून तेलकट पाणी गुपचूप समुद्रात सोडलं जात होतं आणि नोंदी खोट्या होत्या. तो प्रकार भट्टीचा नव्हता, नळीचा होता. पण वही तीच. आणि तो उघडकीला आला तो तपासणीतून नव्हे. नव्याने रुजू झालेल्या एका इंजिनियरने २०१३ मध्ये जहाज सोडलं आणि जाऊन सांगितलं म्हणून. ज्या व्यवस्थेत चोरी सापडायला एका माणसाने नोकरी पणाला लावावी लागते, तिला देखरेख म्हणणं कठीण आहे.

मग लोक जाळतात, फेकतात, खोटं लिहितात ते का? इथे अबिजानची आठवण करून द्यायला हवी. २००६ च्या उन्हाळ्यात ‘प्रोबो कोआला’ नावाचं जहाज ॲमस्टरडॅमला आलं. त्याच्या टाक्यांमध्ये गंधकयुक्त पेट्रोलियम जहाजावरच कॉस्टिक सोड्याने धुतल्यावर उरलेला गाळ होता. धक्क्यावर तो उतरवायला सुरुवात झाली, दुर्गंधी सुटली, तपासणी झाली, आणि विल्हेवाटीचा दर कित्येक पटींनी वाढवून सांगितला गेला. गाळ परत जहाजात भरला गेला. ऑगस्टमध्ये तो आयव्हरी कोस्टमधल्या अबिजानला उतरला आणि शहरात ठिकठिकाणी ओतला गेला. हजारो लोकांना उपचार घ्यावे लागले. पुढे सोलास या जहाजांच्या सुरक्षिततेच्या आंतरराष्ट्रीय करारात बदल झाला आणि २०१४ पासून प्रवासात जहाजावर अशा रासायनिक प्रक्रिया करण्यावर बंदी आली. बदल योग्यच. पण जहाजाने ॲमस्टरडॅमला जो निर्णय घेतला तो नियम वाचून घेतलेला नव्हता, दरपत्रक वाचून घेतलेला होता. त्या धक्क्यावर गाळ उतरवला काय, न उतरवला काय, खर्च तेवढाच असता, तर तो तिथेच राहिला असता.

रोजच्या जहाजी कचऱ्याचा सगळा प्रश्न मला इथे गोळा झालेला दिसतो. मार्पोल प्रत्येक देशाला सांगतो की बंदरात कचरा उतरवून घेण्याची पुरेशी सोय ठेवा. कित्येक बंदरांत ती नसते, असली तर कचरा न्यायची बार्ज (सपाट बोट) दोन दिवसांनी येते, आणि जहाज बारा तासांत सुटायचं असतं. वर प्रत्येक घनमीटरचं वेगळं बिल. समोर भट्टी आहे, डिझेल आहे, आणि जाळायला कुणाची परवानगी लागत नाही. कप्तान काय करेल हे सांगायला समुद्रशास्त्र लागत नाही.

बाल्टिक समुद्राकाठच्या देशांनी यावर बरीच वर्षं एक उपाय चालवून दाखवला आहे. कचऱ्याचं वेगळं बिल नाही. बंदराच्या शुल्कातच तो खर्च धरलेला, तुम्ही कचरा उतरवा किंवा नका उतरवू. पैसे भरलेच आहेत म्हटल्यावर उतरवलेला बरा, असं साधं गणित. त्याच देशांनी आपल्या प्रादेशिक समुद्रात जहाजावर कचरा जाळायलाही बंदी केली आहे, आणि या दोन गोष्टी जोडीने आहेत हे विसरू नये. नुसती बंदी असती तर कचरा रात्री पाण्यात गेला असता. युरोपीय संघाने २०१९ च्या निर्देशात घन कचऱ्यासाठी हेच तत्त्व घेतलं. तेलगाळाला मात्र ही सवलत पूर्णपणे मिळालेली नाही, आणि भट्टीत सगळ्यात जास्त तेलगाळच जातो.

तेव्हा माझी मागणी क्रमाने अशी आहे. आधी शुल्क: तेलगाळासकट सगळा जहाजी कचरा बंदर शुल्कात धरा. ते झाल्यावर भट्टीचे नियम आवळा. पीव्हीसीची मुभा काढून टाका. तो उतरवायला वेगळे पैसे लागणार नसतील तर जाळायचं कारणच उरत नाही. इंजिन आणि बॉयलरमध्ये गाळ जाळायला बंदरात आणि खाडीत मनाई आहे, पण खुद्द भट्टीबद्दल तो नियम मूक आहे, बंदराबंदराच्या मर्जीवर सोडलेला. ती मनाई भट्टीलाही लावा. आणि तापमान. नियम आज ‘लक्ष ठेवा’ म्हणतो. बिल्जचं, म्हणजे जहाजाच्या तळाशी साचणारं तेलकट, पाणी तपासणाऱ्या उपकरणाला त्याच्या नोंदी अठरा महिने जपून ठेवाव्या लागतात. भट्टीच्या तापमानाची नोंदही तशीच, जहाजाच्या स्थानासकट, हाताने बदलता येणार नाही अशी साठवली गेली पाहिजे. त्याने खलाशाचं काम वाढत नाही, उलट एक वही कमी होते.

शुल्कात खर्च धरला की जहाजं वाट्टेल तेवढा कचरा आणून टाकतील, असा आक्षेप घेतला जातो. जहाजावरचा कचरा माणसांच्या आणि इंजिनाच्या प्रमाणात तयार होतो, फुकट मिळतं म्हणून कुणी मुद्दाम गाळ बनवत नाही. नेहमीपेक्षा फारच जास्त आला तर जादा आकार लावता येतो, युरोपीय नियमात तशी तरतूद आहेच. दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे: कचरा किनाऱ्यावर आणून शेवटी जाळणार जमिनीवरच, आणि ती भट्टी कुणा गरीब वस्तीच्या शेजारीच असणार. खरं आहे. पण जमिनीवरच्या भट्टीला शेजारी असतात. ते तक्रार करतात, कोर्टात जातात, धुराचे आकडे मागतात; ब्राउन्सव्हिलला आले तसे येतात. समुद्रावरच्या भट्टीला शेजारी नाही, म्हणूनच तिथे सहा नऊ लिहून भागतं.

आणि समुद्राचा वापर करायचा झाला तर तो कसा करावा, याचाही एक नमुना आहे. २०१४ मध्ये सीरियाची रासायनिक अस्त्रं नष्ट करायची होती आणि कुठलाच देश ती आपल्या भूमीवर घ्यायला तयार नव्हता. अमेरिकेच्या ‘केप रे’ जहाजावर भूमध्य समुद्रात त्यांतल्या सुमारे ६०० टन रसायनांचं पाणी आणि इतर रसायनांच्या मदतीने विघटन केलं गेलं. धूर नाही, समुद्रात थेंब सोडायचा नाही. उरलेला द्रव टाक्यांत भरून फिनलंड आणि जर्मनीला नेला आणि तिथल्या भट्ट्यांमध्ये, स्क्रबरखाली, जाळला. एजंट ऑरेंजसारखीच निकड होती, जागतिक घाई होती, तरी जाळायला जमीनच निवडली.

नवे मोहही उभे आहेत. समुद्रातलं तरंगतं प्लास्टिक गोळा करून जहाजावरच त्याचं इंधन करावं, अशा कल्पना अधूनमधून पुढे येतात. बंदी ‘विल्हेवाट लावण्यासाठी जाळण्या’वर आहे, आम्ही ऊर्जेसाठी जाळतो, असा बचाव करायला व्याख्येत जागा सापडू शकते. लंडन प्रोटोकॉलच्या सदस्य देशांनी ती जागा आत्ताच बुजवावी, पहिलं जहाज बांधून त्यात कुणाचे पैसे अडकण्याआधी.

राहतो प्रश्न छोट्या बंदरांचा. एखाद्या बेटावरच्या बंदराला, जिथे महिन्यातून चार जहाजं लागतात, गाळ घ्यायची टाकी आणि तो पुढे न्यायची सोय परवडणार नाही, शुल्कात किती धरलं तरी. मार्पोलने छोट्या बेटांच्या विकसनशील देशांना एकत्र येऊन प्रादेशिक सोय करायची मुभा दिली आहे, म्हणजे पाच बेटांनी मिळून एक बंदर ठरवायचं. पण ते एक बंदर उभारायचे पैसे त्या पाचांनीच घालावेत असं कुठे आहे? त्यांच्या पाण्यातून जाणारी बहुतेक जहाजं मोठ्या बंदरांच्या मालासाठी धावत असतात. त्या मोठ्या बंदरांच्या शुल्कातला एक हिस्सा याच वाटेवरच्या टाक्यांसाठी बाजूला काढता येईल. आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेत हा विषय आला की मोठे देश भट्टीच्या तापमानावर बोलायला लागतात, कारण तापमानाला पैसे पडत नाहीत.